गगनदलचा माणूस

नवीन पुस्तक हातात आलं की बळीराम मेश्राम आधी त्याचा वास घ्यायचा. मग मुखपृष्ठ सदऱ्याला पुसायचा, त्यावर धूळ नसली तरी. बोटाला थुंकी लावून पान उलटायचा नाही, आणि दुसऱ्या कुणी उलटलं तर पुस्तक काढून घ्यायचा. शेवटचं पान आधी बघायचा नाही. गोष्टीतलं यान संकटात असेल तितके दिवस चहात साखर घ्यायचा नाही. जेवताना वाचायचा नाही. यानातली माणसं गोळ्या खाऊन दिवस काढत असताना आपण वांग्याचं भरीत चापावं हे त्याला पटत नसे. सायकल चालवताना वर बघायचा आणि त्यापायी गांधीबागेतल्या हातगाड्यांना धडकायचा. कप्तान दिग्विजयला तो ‘आमचा कप्तान’ म्हणायचा. डॉक्टर मेघाचं नाव घ्यायचा नाही, नुसतं ‘बाई’ म्हणायचा, शेजारच्या घरातली थोरली बाई असावी तसं.

गगनदल ही हिंदी पॉकेटबुकांची मालिका. उत्तरेतल्या कुठल्याशा शहरात छापली जायची आणि महिन्याला एक पुस्तक नागपूर स्टेशनवरच्या पुस्तकवाल्याकडे यायचं. पहिलं पुस्तक आलं तेव्हा बळीरामचं नुकतं लग्न झालं होतं. आता १९७९ साल होतं, त्याची पोरगी इंदू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि गगनदलचं यान अजून परतलं नव्हतं. मधल्या काळात लेखकाचं नाव बदललं, कागद पिवळट झाला, किंमत वाढली. बळीरामनं एकही पुस्तक चुकवलं नाही.

गोविंदा त्याच वस्तीतला. मराठी घेऊन एम.ए. झालेला, नोकरीच्या शोधात असलेला. तोवर तो गांधीबागेत ओमप्रकाश शेठच्या कापडाच्या पेढीवर बिलं लिहायचा. त्याच पेढीवर बळीराम गठाणी बांधायचा आणि त्यांच्यावर पत्र्याच्या छापानं मार्का मारायचा. गोविंदाला गगनदल म्हणजे निव्वळ थापा वाटत. हे तो बळीरामला तोंडावर सांगायचा, आणि बळीरामनं पुस्तक दिलं की घरी नेऊन वाचून काढायचा.

वस्तीत एक रीत होती. रविवारी विहारात वंदना झाली की ओसरीवर वाचन व्हायचं. ज्याला वाचता येतं त्यानं ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवायचं, असं धम्मदीक्षेनंतर जुन्या माणसांनी ठरवलेलं. तरुण पोरांची शाळा झाली, तरी म्हाताऱ्या बाया आणि मिलमधली जुनी माणसं अजून ऐकायला यायची. हे काम कैक वर्षं बळीरामकडे होतं. तो आधी वर्तमानपत्र वाचायचा, मग गगनदल. सुरुवातीला कुणी तरी कुरकुरलं होतं, की विहारात असल्या गोष्टी कशाला. विहाराचे जुने कार्यकर्ते गणपतराव म्हणाले, विज्ञान आहे, ऐकू द्या लोकांना. विषय तिथंच संपला.

बळीराम हिंदी वाचायचा नाही. पानावर नजर ठेवून आपल्या बोलीत सांगायचा. पुस्तकातली परकी नावं श्रोत्यांच्या गळी उतरत नाहीत हे त्याच्या लवकरच लक्षात आलं होतं. म्हणून ज्वालाग्रहाची उमरेडची कोळशाची खाण झाली. दुष्ट सम्राटाची राजधानी कळमेश्वरला आली. आकाशातलं बंदर कामठीच्या वर गेलं. गोविंदानं एकदा त्याला टोकलं, की ही लेखकाशी बेइमानी आहे.

“अगा प्रोफेसर,” बळीराम म्हणाला, “ज्वालाग्रह म्हटलं तं मानसं झोपतात. उमरेड म्हटलं तं उठून बसतात. गावं मी बदलवतो. पन जे घडलं ते घडलं. त्याले मी हात लावत नाई.”

हा त्याचा नेम होता. कप्तान जखमी झाला तर तो जखमीच सांगायचा. बाया रडल्या, शिव्या घातल्या, तरी कुणाला मरणातून परत आणायचा नाही. इंदू लहान असताना यानातल्या एका यंत्रमानवासाठी तिनं दोन दिवस जेवण सोडलं होतं. तिच्यासाठीसुद्धा त्यानं तो जिवंत केला नाही.

जुलैच्या त्या आठवड्यात स्कायलॅबची बातमी सगळीकडे होती. अमेरिकेची आकाशातली प्रयोगशाळा खाली येत होती, आणि कुठं पडेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. बळीरामचा पाय जमिनीवर नव्हता. इतकी वर्षं तो एकटा वर बघायचा. आता अख्खं नागपूर बघत होतं. ओमप्रकाश शेठनं त्याला गादीजवळ बोलावून विचारलं, बळीराम, तेरा कप्तान क्या बोलता है. हमाल हसले. बळीरामही हसला, आणि दिवसभर छाप मारताना गुणगुणत राहिला.

रविवारी ओसरी भरली होती. बळीरामनं स्कायलॅबची बातमी वाचली. मग कागद खाली न ठेवताच दुसऱ्या हातात गगनदलचं नवं पुस्तक घेतलं आणि त्याच दमात पुढं चालू लागला. योग असा, की त्या पुस्तकातही एक जुनं अवकाशस्थानक आपली ताकद हरवून खाली येत होतं. सुवर्णपुरी नावाच्या शहरावर. सवयीनं तो नागपूर म्हणाला. महालातले पत्रे थरथरले, गांधीबागेतली कापडं दोरीवरून उडाली, सीताबर्डीचा किल्ला तापून लाल झाला. कप्तान स्थानकात अडकलेला होता. इथं तो थांबला आणि म्हणाला, पुढचं पुढच्या रविवारी.

एरवी या जागी बाया त्याला टोमणे मारायच्या. आज म्हाताऱ्यांनी पदर सारखे केले आणि त्या निघून गेल्या. गोविंदानं विचारलं, लोकांना हे खरं तर वाटलं नाही ना. बळीराम म्हणाला, येडी हायेत का मानसं, वीस वर्षं ऐकून राहिली.

सोमवारी सकाळी नळावर एकच बोलणं होतं. नागपूरवर पडणार. पेपरात आलं आहे. कुणी वाचलं? विहारात वाचलं. ज्या ओसरीवरून पंचशील म्हटलं जातं, तिथून वाचलेलं खोटं कसं असेल? कुणी म्हणालं, नागपूर देशाच्या मधोमध आहे, झीरो माइलचा दगड त्यासाठीच आहे, वरून पडणारी वस्तू मधेच पडणार. वस्तीतल्या अंजनाबाईनं ट्रंका बाहेर काढल्या. तिनं त्या काढल्या म्हणून शेजारणीनं काढल्या.

बळीरामला कळलं तेव्हा तो घरोघरी गेला. सुपारीला दोरा बांधून ती डोक्याभोवती गरगर फिरवली आणि सांगितलं, हे असं फिरून राहिलं, असं हळूहळू खाली येईल, दुनिया मोठी आहे, बहुतेक समुद्रात जाईल. अंजनाबाईच्या अंगणात दोरा तुटला. सुपारी समोरच्या पत्र्यावर आदळली. बाया ओरडत घरात पळाल्या. त्यानंतर त्याचं कुणी ऐकलं नाही.

मंगळवारी दुपारी पेढीवर गठाणी बांधणं चालू होतं. नत्थू नावाचा हमाल वस्तीतून जेवून आला आणि म्हणाला, की बळीरामभाऊ, तुमची विहीणबाई कुहीहून आली. पोरीला घेऊन छोट्या गाडीनं चालली. भाभीही निघाल्या संगं.

बळीरामच्या हातातून दोर सुटला.

गोविंदाला कारण माहीत होतं. इंदूला शेवटचा महिना होता. तिच्या पायांवर आणि तोंडावर सूज होती. दवाखान्यातल्या नर्सबाईनं भीमाबाईला, म्हणजे बळीरामच्या बायकोला, बजावून सांगितलं होतं, की हिचं प्रेशर वाढलेलं आहे, हिला गावाला नेऊ नका, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली तर त्या क्षणी घेऊन या. इंदूचं सासर कुहीच्या आत, दोन नाल्यांच्या पलीकडं होतं. पावसाळ्यात तिथून बैलगाडीही निघत नसे. डॉक्टर नव्हता.

शेठला न विचारता दोघं निघाले. बळीराम सायकल चालवत होता, गोविंदा मागे बसला होता. पहिल्यांदाच बळीराम वर बघत नव्हता.

इतवारी स्टेशनवर कुहीकडे जाणारी नॅरोगेजची छोटी गाडी उभी होती. डब्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. गाठोडी, कोंबड्या, पोरं. सगळे शहर सोडून चालले होते. खिडकीशी इंदू बसली होती. तिचा चेहरा इतका सुजला होता की गोविंदानं क्षणभर ओळखला नाही. तिच्या एका बाजूला भीमाबाई, दुसऱ्या बाजूला विहीण तुळसाबाई, मांडीवर पितळी डबा घेऊन.

“उतरा,” बळीराम म्हणाला. “तिले दवाखान्याजवळ ठेवायचं हाये.”

“दवाखान्यावरच पडलं तं?” तुळसाबाई म्हणाली. “माझा एकुलता एक पोरगा हाये जी. त्याचं लेकरू मी इथं जळू देऊ?”

“नागपुरावर नाई पडत. पुस्तकात नागपूर नव्हतं. मीच घातलं.”

भीमाबाई आतापर्यंत खाली बघत होती. तिनं मान वर केली.

“विहाराच्या ओसरीवर बसून तुम्ही खोटं वाचलं?”

गोविंदा पुढं झाला. ही कल्पित कथा आहे, असं तो समजावू लागला. लेखक असं कल्पितो, वाचणारा त्यात आपलं गाव बघतो, असं काहीबाही तो बोलला. डब्यातल्या माणसांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. तुळसाबाईनं एवढंच विचारलं, की हा पोरगा कोन व्हय. मग इंदू बोलली. तिचा आवाज जड येत होता.

“बाबा, तुम्ही तं कधी बदलवत नव्हते. माह्यासाठी पन नाई बदलवलं.”

इंदूनं कपाळ दाबून धरलं. आईला म्हणाली, मले दोन दोन दिसून राहिलं वं.

गोविंदानं ते ऐकलं. बळीरामनंही. मागं गार्डानं शिट्टी वाजवली. बळीरामनं डब्याच्या दांड्याला धरलं, पायरीवर चढला आणि रविवारच्या आवाजात म्हणाला, “पुढचं ऐका.”

डबा शांत झाला. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं तेही शांत झाले. तो आवाजच तसा होता. त्यानं सांगितलं, की स्थानक नागपूरच्या डोक्यावर आलं तेव्हा कप्तान आत होता. त्यानं खाली पाहिलं. लाखो माणसं. त्यानं उरलेलं सगळं इंधन पेटवलं आणि स्थानकाचं तोंड वळवलं. शहर वाचलं. मग त्यानं मोकळी जागा शोधली. जिथं इमारती नाहीत, कारखाने नाहीत, नुसते धानाचे बांध.

“कोनती जागा?” तुळसाबाईनं विचारलं.

“कुही,” बळीराम म्हणाला.

गोविंदा पायरीखाली उभा होता. ते पुस्तक त्यानं वाचलं होतं. पुस्तकात स्थानक समुद्रात पडतं. कप्तान वाचतो. शेवटी एक कोळी त्याला होडीत ओढून घेतो. वीस वर्षांत बळीरामनं घडलेल्या गोष्टीला हात लावला नव्हता.

तुळसाबाई उठली. पितळी डबा तिनं सीटवरच टाकला आणि इंदूच्या काखेत हात घातला. भीमाबाईनं दुसरीकडून धरलं. बळीराम आणि गोविंदानं तिला खाली घेतलं. तिचे पाय टेकेपर्यंत डब्यात गोंधळ सुरू झाला होता. कुणी गाठोडी बाहेर फेकत होतं. एका बाईनं फेकलेलं गाठोडं परत आत ओढलं, कारण तिची पोरं कुहीत होती. एक माणूस गार्डाकडे धावला, गाडी आत्ता सोडा म्हणून. दुसरा सोडू नका म्हणून त्याचा हात धरत होता. कुणी बळीरामच्या सदऱ्याला धरून विचारत होतं, की कुहीत कुठं, कुहीत कुठल्या बाजूला.

दाराशी एक म्हातारी बसली होती. तिच्या मांडीवर बकरीचं पिल्लू होतं. कुहीजवळच्या तितूरचं तिकीट तिच्या मुठीत होतं. तिनं गोंधळ केला नाही. तिनं हळू विचारलं, “तितूर वाचते का गा, लेका?”

बळीरामनं तिच्याकडे पाहिलं. इंदूचा भार त्याच्या खांद्यावर होता. पलीकडं तुळसाबाई कान देऊन उभी होती. कुहीचं खोटं म्हटलं असतं तर ती पुन्हा गाडीत चढली असती. गाडी हलली. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली, उत्तराची वाट बघत, गाडी वळणावर जाईपर्यंत.

बळीराम इंदूला घेऊन रिक्षाकडे वळला.

रिक्षात इंदूला दिसेनासं झालं. दवाखान्याच्या फाटकाशी तिला झटका आला. दातखीळ बसली. दोन वॉर्डबॉय तिला उचलून आत घेऊन गेले. डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, की अर्धा तास उशीर झाला असता तर आम्ही हात जोडले असते. भीमाबाई भिंतीला टेकून खाली बसली. तुळसाबाईनं कुणाकडं पाहिलं नाही. संध्याकाळी मुलगी झाली. लहानशी, पण रडली. इंदू वाचली.

गोविंदानं बळीरामला हाक मारली, या, नात बघा. बळीराम आत गेला, पोरीच्या कपाळाला हात लावला आणि बाहेर आला. कुहीची गाडी पुन्हा कधी आहे, असं त्यानं विचारलं.

स्कायलॅब बुधवारी पडली. हिंदी महासागरात आणि पार ऑस्ट्रेलियातल्या ओसाड भागात. गुरुवारी सकाळी रेडिओनं सांगितलं आणि वस्तीत हशा पिकला. अंजनाबाईनं ट्रंका आत ठेवल्या. लोक म्हणाले, बळीरामभाऊंचा कप्तान पक्का निघाला, थेट समुद्रात पाडली. बळीराम तेव्हा वस्तीत नव्हता. तो बुधवारच्याच गाडीनं कुहीला गेला होता.

तिथं काय झालं होतं ते त्यानं परत आल्यावर गोविंदाला सांगितलं. डब्यातून गेलेल्या माणसांनी गावोगाव तेच सांगितलं होतं. घरं उघडी टाकून लोक रेल्वेच्या रुळावर, पुलाखाली, शाळेत जाऊन बसले. धानाची रोवणी अर्धी सोडून बाया चिखलाच्या पायांनी निघून गेल्या. एकानं म्हशींची दावी कापून टाकली. त्यांतली एक परत आली नाही. मेलं कुणी नव्हतं. बळीरामनं हे तीनदा सांगितलं, की मेलं कोनी नाई. मग म्हणाला, “पन ते मी केलं.”

गोविंदा म्हणाला, तुम्ही पोरीचा जीव वाचवला, दुसरा इलाज नव्हता.

“इलाज नव्हता हे मले मालूम हाये,” बळीराम म्हणाला. “पन त्याइले कुठं मालूम हाये?”

त्यानंतरच्या रविवारी तो ओसरीवर आला नाही. छोट्या गाडीनं गेला. त्या डब्यात जी माणसं होती त्यांतल्या एकेकाला शोधायचं आणि सांगायचं, की मी खोटं बोललो, माझ्या पोरीसाठी बोललो, असं त्यानं ठरवलं होतं. आधी लोकांना ती गंमत वाटली. ओमप्रकाश शेठ म्हणाला, पागल हो गया. तुळसाबाई म्हणाली, जाऊ द्या ना जी, नात झाली, आता कायचं. गणपतराव स्वतः घरी आले. वाचन बंद पडलंय, लोक विचारतात, म्हणाले. बळीरामनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, हे काम झालं की येतो.

ओसरीवर गोविंदा वर्तमानपत्र वाचू लागला. तेवढंच. गगनदलचं पुढं काय झालं असं बाया विचारायच्या. तो म्हणायचा, ते बळीरामभाऊच सांगतील. पुस्तकं येतच होती. बळीराम ती महिन्याच्या महिन्याला आणायचा, वास घ्यायचा आणि न उघडता ठेवून द्यायचा. गोविंदानं मागितली तर द्यायचा. काय झालं ते सांगू नको, एवढंच म्हणायचा.

माणसं सापडत गेली. एखादा कुहीच्या बाजारात भेटायचा, एखादा दूर भिवापूरकडे गेलेला असायचा. काहींना तो दिवस आठवतच नव्हता. ज्या माणसाची म्हैस गेली होती त्यानं त्याला अंगणात उभं करून शिव्या दिल्या. बळीरामनं त्या ऐकल्या. मग त्या माणसानंच त्याला बसवलं, भाकर दिली आणि विचारलं, की त्या कप्तानाचं खरं काय झालं होतं. बळीरामनं सांगितलं. समुद्रात, कोळ्याच्या होडीत, सगळं जसं घडलं तसं. त्या घरी तो संध्याकाळपर्यंत बसला. परत आल्यावर त्यानं त्या मंगळवारपासून सोडलेली साखर पुन्हा चहात घेतली, आणि गोविंदानं ते भीमाबाईला दाखवलं.

राहिली ती तितूरची म्हातारी. तितूरमध्ये तिला कुणी ओळखेना. बकरीचं पिल्लू म्हटलं तर लोक हसायचे, इथं घरोघरी बकऱ्या. कुणी म्हणालं, ती तितूरला उतरून पुढं चालत गेली असेल, आसपास खेडी कमी नाहीत. कुणी म्हणालं, एवढी म्हातारी, एव्हाना गेली असेल. बळीराम एकेक खेडं करू लागला. नात चालायला लागली, बोलायला लागली. गोविंदाला सावनेरला कॉलेजात नोकरी लागली, तरी सुटीत तो त्याच्यासोबत जायचा.

अशाच एका फेरीत, बांधावरून चालताना, गोविंदानं विचारलं, की ती भेटली तर सांगणार काय. इतकं सगळं तिला कसं समजावणार.

बळीरामनं चालता चालता सांगितलं. “समजावायचं काय त्यात? तिनं एक विचारलं होतं. म्हनीन, मावशी, तितूर वाचते.”

१९८४च्या हिवाळ्यात, एका शनिवारी दुपारी, गठाणीवर मार्का मारताना बळीराम खाली बसला आणि उठला नाही. सावनेरला निरोप आला तेव्हा गोविंदा वर्गात होता. निरोप आणणाऱ्याला त्यानं दोनदा विचारलं, कोण बळीराम. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.

अंत्यविधीनंतर नत्थू त्याच्याजवळ आला. शुक्रवारी कुहीकडचा एक गाडीवान पेढीवर आला होता, म्हणाला. त्यानं बळीरामभाऊंना सांगितलं, की तितूरच्या पलीकडं नाल्याकाठी एक म्हातारी एकटी राहते, तिच्याजवळ बकऱ्या आहेत, आणि पाऊस नसला तरी ती आभाळाकडं बघत घराबाहेर झोपते. बळीरामभाऊ रविवारच्या पहिल्या गाडीनं जाणार होते.